पालथा हात

"काका, हे टायर गेले," हवालदार म्हणाला. तो डब्याच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसून टायरच्या कडेवर अंगठ्याचं नख फिरवत होता.

"गेले कसे? नक्षी बघ की. अजून नवीकोरी आहे."

"नक्षीला काय चाटायचंय? ही बाजू बघा. या भेगा दिसतात? हे पळून नाही झिजले, उन्हात उभे राहून वाळले. बाहेरून ठणठणीत, आतून खलास."

त्याने टायरच्या कडेला उठवलेले चार आकडे दाखवले. टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते त्यात असतं. वर्ष मी दोनदा वाचलं. त्या वर्षी बायकोचे केस अजून काळे होते.

हवालदार हे त्याचं नाव नव्हे. कोपऱ्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या चाकांत हवा भरतो म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणतात. आणि डबा म्हणजे आमचं चाकांवरचं घर, गाडीच्या मागे जोडून ओढून न्यायचं. आत दोघांपुरता बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीशी घडीचं टेबल. दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं. सुट्टी मिळाली की ती आणि मी डबा घेऊन निघायचो. ती गेल्यापासून तो घराच्या शेजारी उभा होता. गेली म्हणजे वारली. हे असं सरळ लिहायला मला बरेच दिवस लागले.

आमची मुलगी घाटापलीकडे राहते. मी तिच्याकडे कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. भांडण होतं ते फक्त डब्यावरून.

"बाबा, तुम्ही या. डबा नको," ती फोनवर म्हणायची. "घाटाचा रस्ता, मागे एवढं धूड आणि तुम्ही एकटे. आई असताना गोष्ट वेगळी होती."

"आई काय डबा ढकलायची?"

"ढकलत नव्हती. लक्ष ठेवायची. तुम्ही नुसते पुढे बघता."

शेवटी तिने अट घातली. जाणत्या टायरवाल्याला डबा दाखवायचा. तो 'न्या' म्हणाला तर न्यायचा, नाही म्हणाला तर तिथल्या तिथे विकून टाकायचा. मी शब्द दिला. देताना धाकधूक होतीच. घरातली भांडी, कपाटं, अंथरुणं तेराव्यापर्यंत येऊन-जाऊन राहिलेल्या माणसांनी आपापल्या सोयीने लावून टाकली होती. चांगल्या मनानेच लावली, पण आता मला साधा चमचा सापडत नव्हता. डब्यात मात्र कोणी पाय ठेवला नव्हता. सहलीनंतर सामान घरात यायचं म्हणून खण रिकामे होते, पण तिची म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती.

"मग नवे टायर टाक," मी हवालदाराला म्हणालो. "माझ्या गाडीचे आहेत तसलेच टाक."

"छे! ओढणाऱ्याचे वेगळे, मागून येणाऱ्याचे वेगळे. गाडीचा टायर कडेला मऊ असतो, आतल्या माणसाला हादरे बसू नयेत म्हणून. डबा चालताना आत कोण बसतंय? याला कडेने ताठ लागतो. नाहीतर वळणावर डबा नाचायला लागेल आणि तुमची गाडीही नाचवेल. आणि किती वजन पेलणारा घ्यायचा ते चाकाचाकावर तोलून ठरवायचं. मी उद्या काटे घेऊन येतो. तुम्ही डबा भरून ठेवा."

"भरून म्हणजे?"

"जसा सहलीला नेता तसा. पाणी, गॅस, भांडी, कपडे, सगळं. अर्धामुर्धा भरलात तर मी टायर अर्धामुर्धाच सांगणार."

तो गेल्यावर मी डब्याच्या पायरीवर बसलो. भरायचं काम कायम तिचं. मी सामान दारापर्यंत आणून द्यायचो, आत ती लावायची. मी आपल्या मनाने काही ठेवलं तर लगेच, "अहो, ते तिथे नाही. इकडे द्या."

एकेक वस्तू घेऊन मी आत गेलो. वाटलं होतं काही आठवणार नाही. पण हात आपोआप तिकडेच वळत होते. पिठाचा डबा बिछान्याखाली, डाव्या अंगाला. जाड लोखंडी कढई शेगडीपाशी नाही, पार समोरच्या बाजूच्या खणात, खाली. यावरून मी तिची टर उडवायचो. "शेगडी या गावात, कढई त्या गावात. मधे बस लागते का?" ती म्हणायची, "असू द्या. दोन पावलं चाललात तर झिजणार नाही." पाण्याचे दोन कॅन एकाशेजारी एक नाहीत, एक पुढे, एक मागे. तिच्या साड्यांची पिशवी घरातून आणली आणि दारातच थांबलो. जसा नेता तसा, असं तो म्हणाला होता. आम्ही तर दोघं जायचो. पिशवी उचलून तिच्या जागी ठेवली. तिच्या पायात घालायच्या सपाताही ठेवल्या. वजन असून असून किती असणार, पण ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी हवालदार चार चपटे काटे घेऊन आला. डबा जरासा पुढे ओढून चारही चाकं एकेका काट्यावर चढवली. त्याने खाली वाकून पुढच्या डाव्या चाकाचा आकडा वाचला. मग पुढचं उजवं. मग मागचं डावं. मागच्या उजव्याशी तो थांबला, परत पहिल्याकडे गेला आणि पुन्हा सगळे वाचले. मला वाटलं, मोडला काटा.

"काका, हा कुणी भरला?"

"मीच. का? जास्त झालं?"

"जास्त नाही. हे बघा. चारशे पाच. चारशे आठ. चारशे सहा." त्याने कपाळावरची टोपी मागे सरकवली. "माझ्याकडे लोक डबे आणतात ना, त्यांच्या दोन चाकांत शंभर-शंभर किलोचा फरक असतो. एका बाजूला संसार, दुसऱ्या बाजूला हवा. असं तोलून भरलेलं मी पाहिलंच नाही. तुमच्याकडे काटा आहे?"

"भाजीचा पण नाही."

"मग?"

"मी नुसतं ठेवलं. ती ठेवायची तसं."

हवालदाराने टोपी पुन्हा पुढे ओढली. मागच्या उजव्या चाकापाशी बसला आणि म्हणाला, "हे एक फक्त कमी आहे. तीनशे त्र्याण्णव. तीन बरोबर आणि चौथं चुकलं असं व्हायचं नाही. इथून काहीतरी काढलंय तुम्ही."

"मी काहीच काढलं नाही."

"आठवा."

मी आत जाऊन मागचा उजवा कप्पा उघडला. रिकामा. आदल्या दिवशी त्या कप्प्याकडे माझा हात गेलाच नव्हता, कारण तिथे ठेवायची वस्तू घरात नव्हती. तिचं हाताने चालवायचं शिवणयंत्र. ती पाळणाघरात काम करायची आणि सहलीलाही पोरांची लाळेरी शिवायला घेऊन यायची. लोखंडी धूड, लाकडी पेटीसकट. दिवसकार्य झाल्यावर मुलगी ते आठवण म्हणून घेऊन गेली होती. मीच गाडीत ठेवून दिलं होतं.

बाहेर येऊन मी हवालदाराला सांगितलं. त्याने विचारलं, "तेरा-चौदा किलोचं असेल?"

"असेल."

ती घरात नाही हे मला रोज कळत होतं. ते असं काट्यावर आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"पण त्यांना कळायचं कसं?" हवालदार अजून तिथेच अडकला होता. "वजन काही डोळ्यांना दिसत नाही. दिसेल ते टायरच्या तापण्यातून. ज्याच्यावर भार जास्त तो जास्त तापतो. पण ते कळायला माझ्याकडे यंत्र आहे, नुसतं रोखलं की आकडा येतो."

तेव्हा मला ते दिसलं. म्हणजे डोळ्यांसमोर होतंच, इतकी वर्षं.

आम्ही वाटेत कुठे थांबलो की ती म्हणायची, "सावलीत घ्या हो." मला वाटायचं, हिला ऊन लागतं; खरं तर उन्हाने तापलेल्या टायरचा ताप हाताला कळला नसता. गाडी थांबली की मी थर्मासमधला चहा ओतायचो आणि ती डब्याला फेरी मारायची. प्रत्येक चाकाशी वाकून टायरला पालथा हात लावायची. पाळणाघरात मुलाच्या गळ्याशी ताप बघायला लावायची तसाच. लावायचा, जरा थांबायचं, पुढच्याकडे जायचं. एखाद्या चाकाशी म्हणायची, "याला जड होतंय." मी हसायचो. "मग याला आज सुट्टी देऊ या." ती आत जायची आणि काहीतरी खुडबुड करून बाहेर यायची. मला वाटायचं, काही शोधतेय. ती पिठाचा डबा सरकवत होती. कढई हलवत होती. पुढच्या थांब्यावर पुन्हा हात लावून बघत होती. वर्षानुवर्षं असं करत तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती, आणि मला वाटत होतं, बायकांना उगाच जागच्या जागी लागतं.

मी हे हवालदाराला सांगितलं. त्याने स्वतःचा हात उलटा करून पाहिला.

"तुम्ही काम काय करायचात, काका?"

"लिफ्ट दुरुस्त करायचो. दोराच्या एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन."

"म्हणजे जन्मभर वजनाला वजन लावत होतात?"

"हो."

"आणि घरातलं कळलं नाही," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो. ती गेल्यानंतर मोठ्याने हसायची माझी ती पहिलीच वेळ असावी.

मग त्याने टायर निवडले. सर्वांत जड चाकाचा आकडा धरला आणि त्याच्यापेक्षा बरंच जास्त पेलणारे सांगितले. चारही एकाच मापाचे, एकाच ताकदीचे, पाचवा जादाचा तोही तसाच. मी विचारलं, आता एकट्यापुरतं सामान असणार, जरा हलके चालतील का? तो म्हणाला, "टायर घेताना भरलेला डबा धरायचा, काका. रिकामा धरून कुणी घेत नाही."

दुपारी त्याने आणि मी मिळून ते चढवले. डबा टेकलेला असतानाच नट ढिले केले, मग जॅक सांगाड्याखाली लावला. जुनं चाक निघालं तेव्हा त्याने मला बोलावून नक्षीची जी काय थोडी झीज होती ती दाखवली. कडेपासून कडेपर्यंत एकसारखी. नवं चाक जमिनीला टेकलं तेव्हा म्हणाला, "खाली बघा, जमिनीला किती लागतंय? तळहाताएवढं. अशा चार तळहातांवर तुमचं अख्खं घर घाटातून जाणार." मी वाकून बघितलं. खरोखरच तेवढंच होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "काय म्हणाला टायरवाला? त्यालाच द्या, तुमच्यावर माझा भरवसा नाही."

मी फोन दिला. हवालदार फडक्याला हात पुसत उभा राहूनच बोलला. "ताई, टायर नवे टाकलेत, काळजीचं काही नाही. नाही, तुमच्या बाबांच्या भिडेने नाही सांगत. तुमच्या आईंनी डबा लावून ठेवलाय तसा मी आजवर पाहिला नाही. फक्त मागे उजवीकडे तेरा किलो कमी आहेत. ते तुमच्याकडे आहेत म्हणे."

एवढं सांगून त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी तो कानाला लावला.

"बाबा, मशीन घेऊन मी येऊ का तिकडे?" तिने विचारलं.

"कशाला? मीच येतोय ना. तिकडे आल्यावर ठेवू त्याच्या जागी."

"हळू या," ती म्हणाली. "आणि थांबत थांबत या."

मशीनच्या जागी काय ठेवायचं याचा फार विचार करावा लागला नाही. माझी हत्यारांची पेटी घरात धूळ खात होती. सहलीत ती पेटी न्यायला तिने कधी परवानगी दिली नाही. "सुट्टीत लिफ्ट दिसली तर जिने चढा," म्हणायची. दोन जड पाने काढून ठेवले, पेटी कप्प्यात सरकवली, हवालदाराने काटा वाचला. चारशे सात.

"आता न्या," तो म्हणाला.

सकाळी निघालो. त्याने बजावून सांगितलं होतं की नवी चाकं पन्नासेक किलोमीटर पळाली की थांबून नट पुन्हा आवळायचे, एकाशेजारचा एक नाही, एक सोडून समोरचा. घाट सुरू व्हायच्या आधी एक मोठं झाड दिसलं. गाडी सावलीत घेतली.

आधी नट आवळले. पाना गाडीत ठेवला. मग पुढच्या डाव्या चाकाशी वाकलो आणि हात पालथा करून टायरला लावला. कोमट होता. पुढच्या उजव्याला लावला. मग मागच्या डाव्याला. घाईने कळत नाही, जरा थांबावं लागतं, तेही कळलं.

मागच्या उजव्याला हात लावला. तोही तितकाच कोमट होता. काही हलवायचं नव्हतं. तरी मी हात लगेच काढला नाही.