दाराबाहेरची सही

हे आत ऑक्सिजनच्या मास्कवर होते. डॉक्टरांनी मला आणि मुलाला आयसीयूच्या दाराबाहेर बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्कने भागेना झालं, तर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. घ्यायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवून सही द्या." आपल्याकडे हे असंच. आजार माणसाच्या छातीत आणि बोलणी त्याच्या पाठीमागे.

माझा दर्शन पेन काढून तयारच होता. तरी त्याने बहिणीला फोन लावला. मनस्वी नेदरलँड्सला आयसीयूतच नर्स आहे.

"नळी नको," ती म्हणाली. "सिगारेटींनी बाबांची फुप्फुसं पार गेलीत. एकदा मशीनवर गेले की सुटतीलच असं नाही. इथे अशा पेशंटला बरेचदा मास्कवरच ठेवतात."

"तुमच्याकडे म्हाताऱ्यांना सोडून देतात गो! इथे शेवटपर्यंत करायचं असतं."

"सोडत नाहीत रे. आधी त्यांना विचारतात."

झालं, जुंपली दोघांची. भांडतही होती आणि रडतही होती. दोघांचाही बापावर जीव, रागवायचं तरी कुणावर? पण रागावलेच मी. "गप बसा दोघं! ज्याचा श्वास, त्याला कुणी विचारलंय काय?"

"आई, त्यांना कसं सांगायचं? घाबरतील ते," दर्शन म्हणाला.

घाबरतील म्हणे! या माणसाबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी. सरळ आत गेले. हे डोळे मिटून धापा टाकत होते. मी हात धरून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नळीने कदाचित वाचाल, कदाचित मशीन सुटणारच नाही. आणि नळी असेतो बोलता येणार नाही.

त्यांनी डोळे उघडले. मग मास्क बोटाने जरासा उचलला.

"तीस वर्षं... बोटीवर काढली गो. सुट्टीला आलो... की गावभर फिरायचो." दम घेतला. "तुझ्याशी बोलायचं... राहिलंय. नळी नको."

बाहेर येऊन मी ते दर्शनला जसंच्या तसं सांगितलं. डोळे पुसत त्याने कागदावर नकार लिहिला. फोनवर मनस्वी नुसती हुंदके देत होती.

मी परत आत गेले, त्यांचा मास्क नीट बसवला आणि स्टूल पलंगाला भिडवून घेतलं.

"हं, बोला," म्हटलं. "सावकाश बोला. मी कुठे जात नाही."