ठिपके का घटले

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिपकेताई म्हणायचे, आणि हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही असं ती सव्वीस वर्षं दाखवत आली होती. तिचं काम ठरलेलं. माणसाच्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, त्यावर चांदीचं द्रावण घालायचं, धुवायचं, वाळवायचं, आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून प्रत्येक पेशीच्या पोटातले काळे ठिपके मोजायचे.

घरी सासूबाईंना हे काम कधी पटलंच नाही.

"आज किती होते?"

"नऊ."

"आणि काल?"

"कालही नऊच."

"मग आज जायची काय गरज होती?"

ताईनं त्यांना एकदा भाजी निवडता निवडता समजावलं होतं. प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार करणारी बारीक यंत्रं असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. ती यंत्रं घडवायला लागणारी जनुकं पेशीत एकदोन नसतात, त्यांच्या शेकडो प्रती असतात. पेशी त्यातल्या साधारण निम्म्या गप्प ठेवते आणि उरलेल्यांवर काम भागवते. जिथे काम चालू असतं तिथे चांदी चिकटते आणि काळा ठिपका दिसतो.

"निम्म्या गप्प कशाला ठेवायच्या?"

"ते पूर्ण कुणालाच कळलेलं नाही, आई."

"म्हणजे तुम्ही इतकी शिकलेली माणसं रोज डबा घेऊन जाता, ते न कळलेलं मोजायला," असं म्हणून सासूबाईंनी तिच्यापुढची जुडी आपल्याकडे ओढून घेतली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, उंच, जरासा वाकलेला माणूस. चष्मा कपाळावर ठेवून तो सगळ्या टेबलांवर शोधण्यात त्यांचा रोजचा पाव तास जायचा. त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एक गोष्ट होती. कर्करोगाच्या पेशींना वाढायची घाई असते, म्हणून त्या रायबोसोमची जनुकं भराभर वापरतात. ती गप्प करणारं औषध सापडलं, तर त्या पेशींची घाई मोडता येईल. तसं एक औषध त्यांनी तयार केलं. बारा डिशमध्ये पेशी वाढवल्या, सहांत औषध घातलं, सहा तशाच ठेवल्या. औषधाचा गुण येतोय का हे सर रोज त्या सहा डिश काढून बघायचे. मोजणी ताईची. मोजताना कोणती काचपट्टी कुठल्या डिशमधली हे तिला कळू नये म्हणून खुणा कागदाखाली झाकलेल्या असत.

कागद काढले तेव्हा साध्या डिशमध्ये सरासरी नऊ ठिपके निघाले आणि औषधाच्या डिशमध्ये चार.

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि थोड्या वेळानं शीळ घालू लागले. सरांना शीळ येते हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं.

पुढच्या फेरीपासून तर सरांचा जीवच औषधाच्या सहा डिशमध्ये अडकला. सकाळी आल्या आल्या कोटसुद्धा न काढता ते इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबेत वाढवायच्या कपाटाचं, दार उघडायचे, औषधाच्या डिश दोन्ही हातांत धरून बाहेर आणायचे आणि मायक्रोस्कोपखाली न्याहाळत बसायचे. मग चहाआधी एकदा, चहानंतर एकदा. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी त्या दाखवल्या. त्या बिचाऱ्यानं खाली वाकून पाहिलं आणि "छान आहेत" म्हणाला, तर सर दिवसभर खूश. साध्या सहा डिशकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ताईच्या एक गोष्ट लक्षात आली. पेशींना जे पातळ खाद्य घालतात त्याचा रंग इन्क्युबेटरमध्ये नारिंगी-लाल असतो. बाहेर फार वेळ राहिलं की तो जांभळ्याकडे झुकतो. साध्या डिश नारिंगी होत्या. सरांच्या लाडक्या डिश रोज जांभळट होऊन आत परतत होत्या. ती काही बोलली नाही. तिकडे सर शीळ घालत होते.

त्या रविवारी सासूबाई जुन्या गोष्टी सांगत बसल्या होत्या. ताईचा नवरा, म्हणजे त्यांचा लेक, तान्हा असतानाची गोष्ट. "पोर झोपलं की तुझे सासरे त्याला उचलून बघायचे, झोपलंय ना नीट म्हणून. उचललं की जागं व्हायचं. मग तेच म्हणायचे, या पोराला झोप कशी ती नाहीच."

ताई हसली खरी, पण हातातलं इस्त्रीचं कापड तसंच राहिलं.

सोमवारी तिनं आपल्या सहा डिश मांडल्या. औषध कुठल्याच डिशमध्ये नव्हतं. तीन इन्क्युबेटरमध्ये मागे ठेवल्या आणि त्यांना हात लावला नाही. उरलेल्या तीन, सर आपल्या डिश काढतील तेव्हा तीही बाहेर काढायची, आणि सरांनी आत ठेवल्या की तीही ठेवायची. पहिल्या दिवशी अकरा वेळा उठावं लागलं.

"या कुणाच्या?" सरांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"माझ्या."

"काय बघताय?"

"बघतेय, काही दिसतंय का."

"दिसेल, दिसेल," सर मायेनं म्हणाले. "धीर धरा."

आठवड्याअखेरीस तिनं मोजलं. न हलवलेल्या डिशमध्ये नऊ, बाहेर काढलेल्यांत पाच. तिनं पुन्हा मोजलं, आणि मग तिला वाईट वाटायला लागलं. दीड महिन्यानं संस्थेच्या वार्षिक सभेत सर या औषधावर बोलणार होते.

पुढच्या सोमवारी तिनं सरांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी आकडे वाचले, चष्मा काढला, पुसला, परत वाचले.

"औषध कशात होतं?"

"कशातच नाही."

"मग फरक कशानं पडला?"

"डिश बाहेर काढण्यानं, सर. सारख्या गारठतात, खाद्याचा आंबटपणा बिघडतो. अशा वेळी पेशी आधी ही जनुकंच आवरती घेते."

सरांनी वही मिटली. "म्हणजे औषध ते नव्हतंच. औषध मी होतो."

"तुम्ही फार प्रेमानं बघत होता," ताई म्हणाली. याहून बरं काही तिला सुचलं नाही.

दोन दिवस सर खोलीतून बाहेर आले नाहीत. चहाही खोलीत मागवला. तिसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा इन्क्युबेटरच्या दारावर त्यांच्याच वळणदार अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'सरांनी हे दार उघडू नये.' खाली सही आणि तारीख.

प्रयोग पहिल्यापासून झाला. सर दिवसातून चारपाचदा दारापर्यंत यायचे, कागद वाचायचे आणि परत जायचे. काचपट्ट्यांच्या खुणांवरचे कागद काढल्यावर साध्या डिशमध्ये नऊ निघाले, औषधाच्या डिशमध्ये सातच्या आसपास. फरक लहान, पण तिन्ही फेऱ्यांत तेवढाच आला.

सभेत सरांनी तेवढंच सांगितलं. आधीचा मोठा आकडा का आला होता, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. सभागृह हसलं. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि डिश नेमकी किती मिनिटं बाहेर राहिली की फरक पडतो, हे विचारू लागल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं उठले. एकानं कबूल केलं की आता घरी जाऊन आपल्याही वह्या तपासाव्या लागतील. सरांनी ताईला उभं केलं, आणि पुढची वीस मिनिटं उत्तरं तीच देत होती.

परतताना दोघं जिन्यावर थांबले.

"तुम्हाला कधी कळलं?" सरांनी विचारलं.

"शंका दुसऱ्या आठवड्यात आली."

"आणि बोललात चौथ्या आठवड्यात."

"खात्री नव्हती." ती पायरीकडे पाहत म्हणाली, "आणि तुम्ही शीळ घालत होता."

सर कठड्याला टेकले. "शीळ एवढी वाईट होती का?"

"सुरात नव्हती," ताई म्हणाली, "पण बरी वाटायची."