वारा लागू नये म्हणून

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मावशींचं तर अख्खं घरच चाकांवर आलं होतं, मग काय बोलायचं. बेकरी गेली, बेकरीवरची राहती जागा गेली, आणि नवराबायको या जुन्या गाडीत राहायला आले. एक पलंग, एक बेसिन, दोन शेगड्या आणि त्यांच्याखाली गॅसचा एवढासा ओव्हन. गाडी शहराबाहेरच्या तळावर कायमची उभी. फिरायची हौस होती कुणाला? दुसरीकडे राहणं परवडत नव्हतं, एवढंच.

गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणत आणि नवऱ्याला भट्टीवाले. भट्टी विझली तसे भट्टीवाले बोलायचेही थांबले. दिवसभर खिडकीशी बसत. चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नसत. मावशींनी गरिबीची धास्ती कधी घेतली नव्हती. पण हा माणूस डोळ्यांदेखत हातचा चालला होता, आणि त्याला धरून ठेवायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. रोज सकाळी त्याचा श्वास चालू आहे ना, हे बघून मग त्या उठत.

म्हणून त्या दिवशी त्यांनी परातीत मैदा ओतला, यीस्ट भिजवलं आणि परात सरळ नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"मळा. माझ्या मनगटात जीव नाही."

साफ खोटं. मनगटं चांगली धडधाकट होती.

भट्टीवाले बराच वेळ परातीकडे बघत राहिले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. हात आपोआप चालू लागले, पीठ आपटू लागले, दुमडू लागले. मावशींना हसावं की रडावं कळेना.

"पाणी कमी पडलंय," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलले. "आणि वारा लागू देऊ नकोस. रुसेल."

फुगायला ठेवलेलं पीठ वाऱ्याला रुसतं, हे बेकरीतल्या कुणीही सांगितलं असतं. पण ही गाडी म्हणजे नुसती चाळण. मावशींनी जुने टॉवेल फाडून खिडक्यांच्या फटींत कोंबले, दाराखाली सतरंजी लोटली, छताच्या झरोक्यात उशी बसवली. ओव्हन पेटवाल तेव्हा झरोका उघडा ठेवा, असं गाडी विकणाऱ्याने बजावलं होतं खरं. पण बेकरीच्या भट्टीला धुराडं होतं. हवा कुठून येते नि धूर कुठे जातो, याची फिकीर त्यांनी जन्मात केली नव्हती. आणि आज तर नवरा बोलला होता, आज कसली आठवण राहतेय.

मग त्या गुडघ्यांवर बसल्या, बटण दाबून धरलं आणि काडी आत नेली. बटण जरा लवकर सोडलं की ज्योत गेलीच, असा हा ओव्हन नखरेल. अंगठा दुखून आला तेव्हा कुठे ती टिकली. पहिला साचा आत सरकवला. दुसऱ्या साच्यातलं पीठ अजून फुगत होतं, म्हणून फटींतले टॉवेल तसेच राहिले.

पावाचा वास गाडीभर दाटला. भट्टीवाले पलंगावर आडवे झाले.

"डोकं जड झालंय गं."

"इतक्या दिवसांनी काम केलंत ना," मावशी म्हणाल्या आणि शेजारी टेकल्या. त्यांचंही डोकं ठणकत होतं, पण सुख इतकं झालं होतं की डोक्याकडे कोण बघतो. डोळे मिटले.

मुलगी नर्स होती. ड्यूटी संपवून भाजी द्यायला आली म्हणून दोघं वाचली. सतरंजीत अडकलेलं दार तिने खांद्याने ढकललं, ओव्हन बंद केला आणि दोघांना ओढत गवतावर आणलं. पाव कोळसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात दोघांच्या खाटांमध्ये ती उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"दाराखाली सतरंजी. झरोक्यात उशी. आई, माझा विचारसुद्धा आला नाही तुमच्या मनात?"

"अगं, पिठाला वारा लागतो म्हणून..."

"पुरे गं आई." एवढं बोलून ती बाहेर निघून गेली.

मावशी नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही तरी सांगा तिला. वारा लागू देऊ नकोस, तुम्हीच म्हणाला होतात."

भट्टीवाल्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "म्हणालो होतो. पण झरोक्याचं तुला ठाऊक होतं."

"विसरले हो मी. देवाशपथ विसरले."

"असू दे." त्यांनी हात लांबवून मावशींचा हात धरला आणि हळूहळू थोपटू लागले. "माझ्यापासून कशाला लपवतेस? माझ्याही मनात कधीपासून तेच होतं. तुला एकटीला टाकून कसं जायचं, म्हणून थांबलो होतो. मला सांगायचंस फक्त. मी काय नाही म्हटलं असतं?"

मावशींनी मान वर करून पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, बेकरी गेल्यापासून पहिल्यांदाच.

"पुढच्या वेळी दोघं मिळून ठरवू," ते म्हणाले.