एर्बियमची गोळी आणि शून्यावर आलेला काटा

मी एक जुनी गोळी आहे, वाटाण्याहूनही लहान. मित्रांनो, कपाटाच्या दाराला चिकटून बसणाऱ्या चुंबकांना मी भाऊबंद मानत नाही. आयुष्यभर चिकटून राहायला अक्कल लागत नाही.

उरल पर्वताजवळच्या स्वेर्दलोव्स्क शहरातल्या एका संशोधनशाळेत रिम्मा गलेयेव्हना यांनी मला घडवलं. एर्बियम हा दुर्मिळ धातू आणि लोखंड त्यांनी विजेच्या ठिणगीत एकत्र वितळवले, आठवडाभर भट्टीत ठेवले आणि घासून घासून मला गोल केलं. एक्केचाळिशीच्या या बाई नऊ वर्षं एकाच प्रबंधाला धरून होत्या.

त्यांचे साहेब इनोकेंती पाव्लोविच. गळ्यात रेशमी टाय, डोक्यात भुसा.

माझं काम साधं होतं. चुंबकी तराजूत टांगून घ्यायचं, भट्टीत तापायचं आणि माझं चुंबकत्व किती अंशांना संपतं ते दाखवायचं. पहिल्याच दिवशी दोनशेच्या थोडं पुढे काटा शून्यावर आला. साहेबांनी लगेच भट्टीचं बटण बंद केलं.

"झालं, मेली! लिहा आकडा."

"अजून थोडं तापवून बघू या ना," रिम्मा म्हणाल्या.

"मेलेल्याला किती जाळायचं, रिम्मोच्का? खाली पेल्मेनी गार होतायत."

त्या आठवड्यात हे तीनदा झालं. तिन्ही वेळा साहेबांना खिमा भरलेल्या पेल्मेनी गरमागरम मिळाल्या. मग मॉस्कोच्या परिषदेसाठी त्यांनी तोच आकडा घालून निबंध लिहिला आणि मोजणी करणाऱ्याच्या सहीसाठी रिम्मांपुढे सरकवला.

"पुढचं न बघता मी सही करत नाही."

"तुमचा प्रबंध माझ्याच टेबलावरून जायचाय बरं का!"

रिम्मांचा चेहरा उतरला, पण पेन काही त्यांनी उचललं नाही.

शनिवारी सकाळी त्या एकट्याच आल्या. मला तापवलं. काटा शून्यावर आला, तरी बटणाला हात लावला नाही. दहा अंश वाढले, वीस वाढले आणि काटा पुन्हा वर चढू लागला! "अगं बाई!" म्हणत त्या स्टुलावर बसल्याच. तीनशेच्या आसपास मात्र माझं चुंबकत्व खरोखरच संपलं.

यात जादू नव्हती. माझ्यातलं लोखंड एका दिशेला ओढतं, एर्बियम उलट दिशेला. थंडीत एर्बियम वरचढ. तापत गेलं की त्याचा जोर भराभर उतरतो, लोखंडाचा हळूहळू. दोघं अगदी बरोबरीला आले की बाहेरून शून्य दिसतं. पुढे लोखंड वरचढ होतं. एवढं समजायला साहेबांना आणखी पाच मिनिटं उपाशी राहावं लागलं असतं.

सोमवारी साहेबांनी रिम्मांचा शनिवारचा आलेख पाहिला आणि ते हसले. "एर्बियमशी न जुळलेलं सुटं लोखंड राहिलंय यात, तेच काटा चढवतंय. घाणेरडा नमुना!" दोन बोटांनी उचलून त्यांनी मला सिगारेटच्या थोटकांत टाकलं. रिम्मांनी मला बाहेर काढलं, राख फुंकली, आपल्या कोटाला पुसलं.

गुरुवारी सगळ्या विभागासमोर साहेबांनी निबंध वाचला. टाळ्या थांबल्यावर रिम्मा उभ्या राहिल्या.

"सुटं लोखंड सातशे अंशांपलीकडेही चुंबक राहतं. ते माझ्या नमुन्यात असेल, तर दोनशेला काटा शून्यावर आलाच कसा?"

साहेब पाणी प्याले. मग आणखी पाणी प्याले.

"भट्टी शेजारीच आहे. लावू या?" रिम्मांनी विचारलं.

सगळे भट्टीभोवती जमले. काटा शून्यावर आला, तसे साहेब कागद गोळा करू लागले.

"बसा, इनोकेंती पाव्लोविच," रिम्मा म्हणाल्या, "पेल्मेनी पळून जात नाहीत."

मागून कुणीतरी फसकन हसलं. काटा वर चढला. साहेबांनी निबंध मागे घेतला. 'चुकलो' हा शब्द मात्र त्यांच्या घशातच राहिला. रिम्मांनी मार्गदर्शक बदलला. त्यासाठी आणखी दोन वर्षं गेली, पण प्रबंध त्यांच्याच आकड्यांवर मंजूर झाला.

वारंवार तापून मला भेग पडली आणि माझी रवानगी एका डबीत झाली. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. ठिसूळ वस्तू कधीतरी फुटणारच. पण तुमच्या शाळेत, घरात कुणी "अजून थोडं बघू या" म्हणत असेल, तर त्या माणसाला जपा. तेवढंही झेपत नसेल, तर निदान बटणापासून हात लांब ठेवा.