लिंबू आणि चुनखड

वाटणी थोरल्यानं करायची आणि आधी धाकट्यानं उचलायची, ही आमच्याकडची रीत. रीत चांगलीच आहे, पण थोरला काकासाहेबांसारखा असला तर ती बिचारी काय करणार?

निजामावरच्या पोलिस ॲक्शनला बारा वर्षं झाली होती. चितेगावच्या पुढं काकासाहेब आणि सांडू या दोघा भावांनी धावड्या-पळसाचं जंगल तोडून मोसंबीसाठी जमीन काढली. धाकटा, सांडू, त्याच उन्हाळ्यात वारला. आता त्याची बायको भागूबाई दोन तुकड्यांच्या मधे उभी होती आणि पंच तिच्या तोंडाकडं बघत होते. एकदा उचललं की बदल नाही.

पूर्वेच्या तुकड्यातले लागवडीचे खड्डे काळ्या मातीनं भरलेले, बघूनच जीव हरखावा. पश्चिमेला नुसता तांबडा मुरूम, वरची माती खरवडून नेलेली. खरवडणारा मीच. मी काकासाहेबांचा सालगडी. पंधरा दिवस पश्चिमेची माती गाडीनं पूर्वेला ओतली. पूर्वेला त्या मातीखाली चुनखड आहे, मुळं तिथवर पोचली की झाड पिवळं पडून मरणार, हे मला ठाऊक होतं. शरमेनं मान वर होत नव्हती, तरी खाल्ल्या मिठाला जागून तोंड शिवलं होतं.

“पूर्वेची घे,” काकासाहेब म्हणाले. “एकटी बाई तू, तुला चांगलंच द्यावं म्हनलं.”

भागूबाईनं वाटणीआधीच्या पूजेतलं लिंबू उचलून विळ्यानं कापलं.

“कडूबाभाऊ, या खड्ड्याच्या तळाला एक टिकाव हाना.”

“काय गरज हाय?” काकासाहेबांनी माझ्यावर डोळे वटारले.

सांडू माझ्या ताटात जेवलेला माणूस. मी माती उपसली आणि घाव घातला. पांढरं ढेकूळ वर आलं. तिनं त्यावर लिंबू पिळलं, तसं ते फसफसलं.

“माझ्या माहेरी मोसंबीच हाय,” ती पंचांना म्हणाली. “मला पश्चिमेची द्या.”

“घे की. मुरमात लाव काय लावायचं ते,” काकासाहेब हसले.

ती माझ्याकडं वळली.

“कडूबाभाऊ, ही काळी माती कुठली?”

मी टिकाव खाली ठेवला.

“तुमच्या तुकड्याची, वहिनी. म्याच वाहिली.”

म्हातारे पंच पुंजाराम काठी टेकत उठले. “मग माती बी तिचीच. माघारी टाका.”

“गाडी माझी हाय, मिळायची नाय,” काकासाहेब ओरडले. “आन् कडूबा, उद्यापासून तू बी येऊ नको.”

“उद्याचं कशाला,” मी म्हणालो आणि काळ्या मातीची पहिली पाटी भरून डोक्यावर घेतली.