जांभळ्याचे पिवळे

वनस्पतीची अनुज्ञा घेतल्यावाचून तिचे पान खुडू नये, हा नियम मी आजवर निष्ठेने पाळला आहे. म्हणूनच भाचीच्या प्रयोगशाळेमागे, भिंतीलगत उगवलेल्या दगडीपाल्यासमोर मी हात जोडून उभा होतो.

"आजोबा, भिंतीशी काय बोलताय?" पहारेकऱ्याने विचारले.

"परवानगी मागतोय."

"मग माझीही आहे. न्या खुशाल!"

बालपणी गुडघा फुटला की याच पाल्याचा रस जखमेवर पिळला जाई. भाचीला मात्र परंपरेची साक्ष पुरेशी नव्हती. जखमेत काही उच्छृंखल कण निर्माण होतात. ते धडधाकट पेशींनाही पोळतात आणि दाह वाढवतात. त्यांना शमवणारे द्रव्य पाल्यात असेल, तर अर्क मिसळताच तिचा चाचणीचा जांभळा द्राव पिवळा पडणार होता. दुपारी विभागप्रमुख स्वतः ते पाहणार होते. रंग पालटला नाही, तर दगडीपाला संशोधनातून बाद आणि भाचीचे वर्षभराचे कष्ट मातीमोल.

भाचीने अर्क काढला. आमच्या सौभाग्यवती जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या कोपऱ्यात, काचेच्या नळ्या मांडलेल्या टेबलापाशी बसल्या.

प्रमुख आले. भाचीने एका नळीत द्राव आणि अर्क घातला, दुसरीत नुसताच द्राव. क्षणार्धात पहिली नळी पिवळी झाली. मी टाळी वाजवणार, तोच दुसरीही पिवळी!

"वा!" प्रमुख म्हणाले. "तुमचा पाला इतका गुणी, की न घालताही काम करतो?"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. मी वाकून नळीचा वास घेतला. हा सुगंध आमच्या घरातील प्रत्येक भांड्याला येतो.

"अहो," मी सौभाग्यवतींकडे वळलो, "लिंबू?"

"मग काय! इतक्या कळकट नळ्या! डब्यात साल होती, दिल्या घासून."

"मामी, पाण्यानं धुतल्या नाहीस?"

"पाण्याचे डाग पडतात गं. रुमालानं लख्ख पुसल्या!"

भाचीने कपाळाला हात लावला आणि त्याच क्षणी तिला हसू फुटले. "सर, लिंबातही तेच गुण असतात! मामीनं नळ्यांनाच औषध चोळलंय!"

प्रमुखांनी ओठ घट्ट दाबून पाहिले. पोट मात्र गदगदा हलू लागले.

अर्काचे मोजकेच थेंब उरले होते. भाचीने कपाटातून कोऱ्या नळ्या काढल्या. सौभाग्यवतींचे दोन्ही हात मी धरून ठेवले. नुसत्या द्रावाची नळी जांभळी ती जांभळीच राहिली. पाल्याची नळी आधी गुलाबी झाली, मग फिकट, मग हळद कालवल्यासारखी पिवळीधमक! भाचीने मामीला उचलून गरगर फिरवले.

"अगं, पाडशील! मग तोच पाला मला लावावा लागेल!"

"थांबा," प्रमुख डोळे पुसत म्हणाले. "हे नळीत सिद्ध झालं, जखमेत नाही. सूज खरंच उतरते का, ते वेगळं तपासायचं. काम चालू ठेव. पाला भरपूर लागेल."

आम्ही सारेच भिंतीकडे निघालो. मी हात जोडले, भाचीने जोडले, सौभाग्यवतींनी जोडले. प्रमुखांनी इकडेतिकडे पाहून हळूच जोडले.

"साहेब, तुम्हीपण?" पहारेकरी म्हणाला. "मग जरा रांगेत या!"