पायाळू पोरीचा पाय

"पोरीच्या पायाचं खूळ बंद कर, एखाद्या दिवशी कुणाची तरी मान जाईल," असं ज्योतीनं मला बजावलं होतं. ज्योती माझी कॉलेजची मैत्रीण, जळगावला फिजिओथेरपिस्ट आहे. मी हसण्यावारी नेलं. माझी कामिनी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. अशा मुलाचा पाय लागला की उसण जाते म्हणून अर्धं गाव आमच्या दारात यायचं. खोटं कशाला बोलू, मला ते मिरवायला आवडायचं.

मागच्या महिन्यात केळीचा घड डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना योगराज, माझा नवरा, मानेवर पडला. घरी चालत आला, पण बोटांना मुंग्या येत होत्या. दवाखान्यात न्यायला गाडी बघायला मी बाहेर गेले. तेवढ्यात सासूबाईंनी त्याला पालथं झोपवून पाच वर्षांच्या कामिनीला मानेवर उभं केलं. मी परत आले तर त्याला हात उचलता येत नव्हते.

जळगावच्या डॉक्टरांनी एमआरआय दाखवला. "मणका सरकलाय, मज्जारज्जू दाबला गेलाय. ऑपरेशन आजच करू. जितका उशीर, तितकी हाताची ताकद परत यायची आशा कमी. पूर्ण बरे होतील असं मात्र सांगत नाही."

माझे दीर भूपेंद्र यांनी संमतीचा कागद ओढून घेतला. "मानेले सुरी लावली का माणूस कायमचा खाटेवर. चार दिवस पाहू."

"चार दिवस तुमच्याकडे असतील, भाऊ. ह्यांच्याकडे नाहीत."

"कॉलेज शिकेल बाई ना तू," सासूबाई म्हणाल्या. "पोरीनं बापाचे हात नेले, आता तू जीव घे."

कामिनी माझ्या ओढणीला धरून उभी होती. तिनं ऐकलं. मी कागद घेतला, सही केली.

"तिला उभं तुम्ही केलंत. हे पुन्हा तिच्यासमोर काढलंत तर नात दिसायची नाही तुम्हाला."

आज त्याची डावी मूठ वळते. उजवी अजून नाही. सासूबाई आणि मी एकमेकींशी बोलत नाही. कामिनी बापाच्या खाटेजवळ जात नाही.

योगराज पडला त्याच्या आठ दिवस आधी आमच्याकडचे हमाल झिपरूआबाही ट्रकवरून पडले होते. त्यांच्या मानेवर कामिनीला मीच उचलून ठेवलं होतं. आबा आता धुळ्यात, देवपुरात लेकीकडे आहेत, फोन उचलत नाहीत. तुमच्यापैकी कुणी जवळ राहत असेल तर जाऊन बघा. शर्टाचं बटण स्वतः लावता येतं का, चालताना झोक जातो का. बटण लागत नसेल किंवा झोक जात असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका, दवाखान्यात न्या.